दीर, भाचा, चुलतभाऊ: आयर्लंडच्या अर्जासाठी कागद जमवताना

पोर्तुगीज पासपोर्टवर आयर्लंडला गेलेल्या आपल्या गोव्यातल्या बऱ्याच घरांत आता धाकट्या भावाला नाहीतर भाच्याला बोलवायचं चाललंय, म्हणून दिराच्या अर्जाला आम्ही काय काय जमवलं ते लिहिते.

आधी हे नीट समजून घ्या. नवरा-बायको, २१ च्या आतली मुलं, अवलंबून असलेले आईवडील यांचा तिकडे सोबत राहायचा हक्क वेगळा आणि बराच पक्का. भाऊ, भाचा, चुलतभाऊ मात्र युरोपियन युनियनच्या २००४ च्या डायरेक्टिव्हमध्ये (म्हणजे नागरिक आणि त्यांच्या घरच्यांनी दुसऱ्या सदस्य देशात राहायचे नियम) 'इतर' नातेवाईक, त्यांना तिथे राहायचं कार्ड मिळेलच असं नाही, सरकारने अर्ज बारकाईने तपासायचा आणि नाकारला तर कारण द्यायचं. म्हणून आयर्लंडमध्ये त्यांचा फॉर्मही वेगळा, ईयूटीआर१ए. आणि तुमचा पोर्तुगीज माणूस पोर्तुगालमध्येच राहत असेल तर हा रस्ता नाही.

मग नात्याची साखळी. भावासाठी दोघांचे जन्मदाखले, भाच्यासाठी त्याच्या आईचा, म्हणजे बहिणीचा पण. आमच्याकडे सासऱ्यांचं नाव एका दाखल्यावर विश्वनाथ आणि दुसऱ्यावर विसू, घरात कोणाला कधी खटकलं नव्हतं, पण तिकडच्या अधिकाऱ्याला विसू म्हणजेच विश्वनाथ हे कसं कळणार? दोन्ही नावं एकाच माणसाची असं अ‍ॅफिडेव्हिट करून घेतलं. स्पेलिंग पासपोर्टशी एकेक अक्षर लावून बघा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर आणि दाखल्यांना अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानावा म्हणून आपल्या सरकारचा शिक्का), याला वेळ लागतो म्हणून हे पहिल्यांदा सुरू करा.

खरा कस लागतो तो पुढे. दीर युरोपियन नागरिकावर अवलंबून होता किंवा त्याच्या घरात राहत होता हे दाखवायचं, आणि तेही इकडचं, गावातलं. युरोपच्या कोर्टाने २०१२ मध्ये रहमान केसमध्ये हेच सांगितलं, अवलंबून असणं हे ज्या देशातून माणूस येतो तिथलं पाहिजे. म्हणजे तो डब्लिनला येऊन तुमच्याकडे राहिला, जेवला, तेवढ्याने भागत नाही. बँकेतून दरमहा पाठवलेले पैसे, त्यातून भरलेली फी, किराणा, औषधं, लाईट बिल असं सगळं जोडा, पैसे पोटापाण्याला लागत होते हे दिसू दे. हातात दिलेल्या पैशांचा काही पुरावा राहत नाही हो, कितीही दिलेले असोत, म्हणून यापुढे खात्यावरच पाठवा.

एकाच घरात राहत होतो याला आमच्याकडे सगळ्यात कामाचं निघालं जुनं रेशन कार्ड. नवरा परदेशी गेल्यावर त्याचं नाव कमी केलं होतं आणि नवीन कार्डावर तो नाहीच! सासूबाईंनी जुन्या कार्डाची झेरॉक्स देवघराच्या खणात जपून ठेवली होती, घडीवर फाटलेली, पण दोन्ही भावांची नावं एकाखाली एक स्पष्ट दिसत होती. त्याच्या जोडीला पंचायतीचा रहिवासी दाखला घ्या, सरकारी शिक्क्याचा कागद लागतोच.

तिकडच्या माणसाचे कागद सोपे, पासपोर्ट, नोकरीचं पत्र, पगाराच्या स्लिप, घरभाड्याचा करार. अर्ज पोचल्याची पोच सांभाळा, जे काय पाठवाल त्याचा पूर्ण सेट घरी ठेवा, आणि कोणी अजून निघायचं असेल तर रेशन कार्डावरचं नाव कमी करायच्या आधी त्याची नोटरीकडून खरी प्रत करून घ्या.