स्पोर्ट्स कारचा एअर फिल्टर: इंदूरात गाडी असेल तर या चुका टाळा

आधी आकडा सांगून टाकतो म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते सुटतील. बऱ्याचशा पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पेपर फिल्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा घड्यांचा कागद, साधारण 20 ते 40 हजार किलोमीटरला बदला असं असतं, आणि त्याच्याच आसपास बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की धुळीत गाडी चालत असेल तर लवकर बदला. ती बारीक ओळ आपल्यासाठी आहे. रोज शहरात चालणारी गाडी असेल तर माझं मत विचाराल तर 15 हजाराच्या आसपास बदलून टाका, आणि जी गाडी फक्त रविवारी सकाळी सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर दर्शन देते तिचे किलोमीटर मोजूच नका, तिचा फिल्टर दोन-तीन वर्षांनी बदला.

"इंदूर तर स्वच्छ शहर, इथं कसली धूळ"

हे मी खरंच ऐकलंय. 2017 ते 2023 सलग सात वेळा स्वच्छतेत पहिला नंबर आला हे खरं, अभिमान आहेच, पण तो नंबर कचऱ्याचा आहे, हवेतल्या बारीक धुळीचा नाही. मेट्रोची खोदाई, बायपासवरचे वाळूचे डंपर, जिकडे तिकडे चालू असलेली बांधकामं, आणि मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाला की उज्जैन नाहीतर देवासच्या बाजूला निघून बघा, हवेत भुसाच भुसा. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, तसल्या रस्त्यावर रोज गाडी चालत असती तर मॅन्युअलचा मोठा आकडा चालला असता.

आता इंजिन हवा किती ओढतं बघा. 2 लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणजे 6000 आरपीएमला (मिनिटाला 6000 फेऱ्या) मिनिटाला जवळजवळ 6000 लिटर हवा, आणि टर्बो, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा पंखा, असेल तर त्याहून बरीच जास्त. त्या हवेत वाळूचे सिलिकाचे कण असतात, ते सिलेंडरच्या भिंतीवर आणि पिस्टन रिंगवर घासतात आणि टर्बोच्या पात्यांवर आदळतात.

सगळ्यात मोठी चूक: दर महिन्याला काढून हवा मारणे

लोकांना वाटतं आपण गाडीची फार काळजी घेतोय. पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानात फिल्टर काढायचा, कंप्रेसरनं फुल प्रेशर मारायचं, धूळ उडाली की समाधान. पण पेपर फिल्टरच्या घड्यांमध्ये बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच फिल्टरचं काम करत असतो, म्हणजे थोडा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक धूळ जास्त चांगली अडवतो, हे ऐकायला उलटं वाटतं पण असंच आहे. प्रेशरनं तो थर तर जातोच, वर कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात, आणि दर वेळी फिल्टरचा बॉक्स उघडला की रबराची सील थोडी सरकते आणि बॉक्सच्या कडेची माती आतल्या स्वच्छ बाजूला पडते. उशिरा बदललेल्या फिल्टरमुळे ताकद कमी होते, ती नवीन फिल्टर टाकला की परत येते. सीलमधून धूळ गेली की इंजिन झिजतं, ते परत येत नाही. म्हणून वर्षातून एकदा, सर्व्हिसला उघडला तरी भरपूर झालं. आणि कृपा करून पेपर फिल्टर धुवू नका हो.

रंग बघून घाबरू नका. वरून काळपट दिसणारा फिल्टर अजून चांगला असू शकतो. खरी तपासणी फिल्टरच्या पुढे आहे: फिल्टरनंतरचा जो पाइप इंजिनकडे जातो त्यात पांढरं फडकं फिरवा. कोरडी धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा फाटलाय, मग तो कालच टाकलेला का असेना. तेलकट चिकटपणा असेल तर तो बऱ्याचदा इंजिनच्या ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ बाहेर काढणाऱ्या नळीचा असतो, तो वेगळा विषय.

मायलेज पडलं म्हणून फिल्टर बदलणे ही पण एक सवय आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते बरोबर होतं. आताच्या गाडीत सेन्सर हवा मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या मापानं पेट्रोल देतो, त्यामुळे हवा कमी आली तर पेट्रोलही कमीच जातं. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीनं 2009 मध्ये फिल्टर मुद्दाम चोक करून चाचण्या घेतल्या होत्या, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये मायलेज जवळपास तेवढंच राहिलं, पिकअप मात्र पडला. म्हणजे साध्या गाडीवाल्याला कळणारही नाही आणि आपण ज्यासाठी एवढे पैसे घातले नेमकं तेच जाणार, वरच्या आरपीएमला गाडी दमल्यासारखी वाटणार. गाडी उभ्या उभ्या थरथरत असेल तर मात्र फिल्टरला दोष देऊ नका, आधी स्पार्क प्लग आणि त्याची इग्निशन कॉइल बघा.

एकच फिल्टर बदलणे. हसू नका, होतं असं. निसान जीटी-आर, ऑडी आर8 अशा गाड्यांत दोन फिल्टर असतात, आणि बाहेरचा मेकॅनिक समोर दिसला तो बदलून मोकळा होतो. बिलावर "एअर फिल्टर 1 नग" दिसलं तर विचारा, आणि हेही विचारा की तो इंजिनचाच आहे ना, कारण एसीचा केबिन फिल्टर बदलून इंजिनचा तसाच ठेवणारे कमी नाहीत.

आवाजासाठी कोन फिल्टर, म्हणजे बॉक्सशिवायचा शंकूसारखा उघडा फिल्टर, लावणाऱ्यांना थांबवून उपयोग नाही, मला माहीत आहे. पण बोनेटखाली उघडा कोन इंजिनचीच गरम हवा ओढतो, आणि एप्रिल-मेच्या दुपारी ट्रॅफिकमध्ये त्यानं पॉवर वाढायच्या ऐवजी कमी होते. बंपरमध्ये खाली लावलेल्या इनटेकचा (हवा ओढणाऱ्या तोंडाचा) धोका वेगळा: पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं आणि ते आत ओढलं गेलं तर पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग बिल बघून माणूसही वाकतो. तेल लावलेला कॉटनचा एअर फिल्टर धुता येतो, पण नंतर तेल जास्त चोपडलं तर ते हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर जातं, रीडिंग चुकतं आणि चेक इंजिन लाइट लागते. तेल थोडं लावा, रात्रभर मुरू द्या, मग बसवा.

आणि उभ्या गाडीत उंदीर. महिना-दोन महिने कव्हरखाली असलेल्या गाडीच्या एअर बॉक्समध्ये चिंध्या आणि शेंगांची टरफलं निघतात, त्यामुळे लांब ड्राइव्हला, म्हणजे मांडू नाहीतर जाम गेटला निघायच्या आधी, वर्षातून एकदाचा नियम बाजूला ठेवून, झाकण उघडून एक नजर टाका.

नवीन फिल्टर टाकल्यावर लगेच चेक इंजिन लाइट लागून स्कॅनरवर पी 0101 किंवा पी 0171 हा बिघाडाचा कोड आला तर पार्ट डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. पहिला कोड एअर फ्लो सेन्सरच्या रीडिंगचा, दुसरा मिश्रण लीन झाल्याचा, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडल्याचा. सेन्सरच्या वायरचा प्लग परत लावलाय का, बॉक्सच्या सगळ्या क्लिपा बसल्यात का आणि पाइपचा क्लॅम्प आवळलाय का एवढं बघा, बहुतेक वेळा त्यातलंच काहीतरी राहिलेलं असतं.