पाऊल आणि घोट्याच्या संवेदी मज्जातंतूंच्या दुखापतीचे कोडिंग : या चुका टाळा

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही आजार व दुखापतींना ठरावीक कोड देणारी पद्धत लागू आहे आणि तिथल्या रुग्णालयांच्या नोंदींवर पुण्या-मुंबईत बसून काम करणाऱ्या कोडरांची, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून हे कोड लावणाऱ्यांची, संख्या मोठी आहे. 'पाऊल बधिर' एवढे वाचून एस९४.३, म्हणजे घोटा व पाऊल पातळीवरील त्वचेच्या संवेदी मज्जातंतूची दुखापत, हा कोड लावून मोकळे होणे ही या कामातील सर्वांत मोठी चूक होय.

आधी कारण पाहावे. एस९४ हा गट दुखापतीचा आहे. टार्सल टनेल सिंड्रोमसाठी (घोट्याच्या आतील बाजूस मज्जातंतू दबणे) जी५७.५, मॉर्टन न्यूरोमासाठी (पावलाच्या बोटांजवळील मज्जातंतू जाड होऊन दुखणे) जी५७.६ आणि टाइप २ मधुमेहातील पॉलिन्यूरोपथीसाठी (अनेक मज्जातंतूंचा विकार) ई११.४२ हे वेगळे कोड आहेत. यांपैकी जी कोड ज्यात येतात त्या जी५० ते जी५९ या गटातून ताज्या आघाताने झालेली मज्जातंतूची इजा वगळलेली असल्यामुळे एकाच इजेसाठी जी५७ आणि एस९४ असे दोन्हींकडचे कोड लावता येत नाहीत.

त्यानंतर मज्जातंतू कोणता, हे नोंदीतून काढावे. खरी गफलत इथेच होते. तळव्याच्या बाहेरील आणि आतील बाजूच्या प्लँटर मज्जातंतूंना अनुक्रमे एस९४.० व एस९४.१ आहे. डीप पेरोनिअलला एस९४.२ आहे, अंगठा आणि शेजारचे बोट यांमधल्या बेचक्यातील संवेदना याच मज्जातंतूची असल्याने, केवळ संवेदना गेली म्हणून ती इजा एस९४.३ मध्ये टाकणे चूक ठरते. घोट्याच्या बाहेरील हाडामागून जाणारा सूरल हा मात्र त्वचेचा संवेदी मज्जातंतू असून, घोटा किंवा पावलाच्या पातळीवर त्याला झालेली इजा एस९४.३ मध्येच येते. जखम नडगीच्या मध्यावर असेल, तर बधिरपणा पावलावर जाणवत असला तरी पातळी गुडघा ते घोटा या भागाची धरावी आणि त्वचेच्या संवेदी मज्जातंतूसाठी एस८४.२ पाहावा. कोड इजेच्या जागेवरून ठरतो, लक्षणाच्या जागेवरून नव्हे.

एक उदाहरण घेऊ. काच लागून डाव्या घोट्याला बाहेरील बाजूस जखम झाली, आत काचेचा तुकडा राहिलेला नाही आणि सर्जनने तुटलेला सूरल मज्जातंतू शिवला. इथे मुख्य इजा मज्जातंतूची असल्याने एस९४.३२एक्सए आधी, त्यानंतर जखमेसाठी एस९१.०१२ए आणि बाह्य कारणासाठी डब्ल्यू२५.एक्सएक्सएक्सए लिहावा. मुख्य इजा दुसरीच असून मज्जातंतूला किरकोळ धक्का बसला असेल, तर हा क्रम उलटतो. एस९४.३ मध्ये पाचवे अक्षर बाजू सांगते : १ उजवी, २ डावी, ० अनिर्दिष्ट. सहावी रिकामी जागा भरणारा एक्स लिहायचा राहून गेला, तर सातवे अक्षर चुकीच्या जागी पडते आणि कोड अवैध ठरतो.

सातव्या अक्षराचा अर्थ भेटीच्या क्रमांकावर लावू नये. सक्रिय उपचार चालू असेपर्यंत, डॉक्टर बदलले तरी, ए राहतो. जखम भरत असतानाच्या नेहमीच्या तपासणीला डी लागतो आणि तिथे पश्चात-देखभालीचे, म्हणजे उपचारानंतरच्या काळजीचे, झेडने सुरू होणारे कोड वापरायचे नसतात. जुन्या इजेचा परिणाम म्हणून उजव्या पायात कॉझाल्जिया (मज्जातंतूच्या इजेनंतरची तीव्र जळजळती वेदना) उरला असेल, तर जी५७.७१ आधी आणि एस९४.३१एक्सएस नंतर लिहावा. सातव्या जागी एस, म्हणजे जुन्या इजेचा परिणाम, असलेला कोड एकटा पाठवणे ही फार आढळणारी चूक आहे.

बाह्यरुग्ण नोंदीत डॉक्टरांनी 'संभाव्य सूरल इजा' असे लिहिले असेल, तर ते निश्चित निदान धरता येत नाही. तेव्हा मुंग्यांसाठी आर२०.२ यांसारखा लक्षणाचा कोड द्यावा. नोंद अपुरी वाटल्यास डॉक्टरांना लेखी विचारावे, मात्र उत्तर सुचवणारा प्रश्न टाळावा. 'सूरल मज्जातंतूची इजा आहे ना?' असे न विचारता, 'बधिरपणाचे निदान, बाधित मज्जातंतू आणि बाजू कृपया स्पष्ट करावी' असे लिहावे, आणि उत्तर नोंदीत आल्यावरच कोड कायम करावा.