सहा अक्षांचा मोशन प्लॅटफॉर्म किती हलू शकतो, हे कसे ठरवावे

साताऱ्याच्या एमआयडीसीत ज्यांच्याकडे लेथ, वेल्डिंग आणि थोडेफार सर्वो मोटरचे काम होते, त्यांच्याकडे गेल्या काही वर्षांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी एक वेगळी मागणी घेऊन येऊ लागले आहेत. त्यांना वाहन चालवण्याच्या सरावासाठी सहा पायांवर हलणारा मंच बनवायचा असतो. हातातल्या माहितीपत्रकात ‘वर-खाली अधिक-उणे ११० मिमी, पुढे-मागे झुकाव अधिक-उणे १५ अंश’ असे आकडे छापलेले असतात, आणि मंच ११० मिमी वर गेलेला असतानाही १५ अंश झुकेल, असे गृहीत धरून पुढची सगळी आखणी केलेली असते. तो तसा झुकत नाही. छापलेला प्रत्येक आकडा बाकीच्या पाचही हालचाली शून्यावर असतानाचा असतो, आणि प्रत्यक्ष वापरात ती स्थिती जवळजवळ कधीच येत नाही. म्हणून मंच विकत घेण्यापूर्वी किंवा बेस फ्रेम कापण्यापूर्वी त्याची खरी मर्यादा स्वतः काढावी. त्याची पद्धत पुढे देत आहे.

रचना थोडक्यात अशी असते. खाली स्थिर चौकट, वर हलणारी प्लेट आणि दोहोंना जोडणारे, लांबी कमी-जास्त होणारे सहा पाय. पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशा तीन सरकण्याच्या हालचाली, आणि त्यांच्यासोबत बाजूला कलणे, पुढे-मागे झुकणे व उभ्या अक्षाभोवती वळणे या तीन फिरण्याच्या हालचाली हे सहा पाय मिळून घडवतात. एरिक गॉफ यांनी इंग्लंडमध्ये १९५०च्या दशकात मोटारीचे टायर तपासण्यासाठी अशी रचना वापरली. डी. स्ट्युअर्ट यांचा सहा अक्षी मंचावरील निबंध १९६५ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे त्यांचेच नाव या रचनेला चिकटले. एका अक्षासाठी एक पाय असे येथे काही नसते. मंच जराही हलला की साधारणपणे सहाही पायांची लांबी बदलते, आणि एका हालचालीने खर्च केलेली लांबी दुसरीला उरत नाही. पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

पहिले काम कागदावरचे आहे आणि त्यात मंचाचा संबंध नाही. मंचावर बसणाऱ्याला कोणती हालचाल जाणवायला हवी, ते आधी ठरवावे. समजा, एसटीच्या चालकाचा सराव करून घ्यायचा आहे. बस ताशी ५४ किमी, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने धावत आहे आणि चालकाने जोरात ब्रेक दाबून वेग दर सेकंदाला ३ मीटरने कमी केला. बस ५ सेकंदांत थांबेल आणि तोवर ३७.५ मीटर अंतर कापेल. हाच जोर प्रत्यक्ष सरकून द्यायचा ठरवला, तर मध्यापासून १०० मिमी सरकणाऱ्या मंचाची जागा पाव सेकंदात संपते, आणि शेवटाला तो हळुवार थांबवण्यासाठीही जागा राखायची असल्याने हाती येणारा वेळ पाव सेकंदाहूनही कमी असतो. आता खंबाटकी घाटातले एखादे वळण घ्या. त्याची त्रिज्या ५० मीटर आणि बसचा वेग ताशी ३६ किमी धरला, तर बाजूचा जोर दर सेकंदाच्या वर्गाला २ मीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका येतो आणि वळण संपेपर्यंत टिकतो. सरकणाऱ्या मंचाला इतका वेळ टिकणारा जोर देता येत नाही.

म्हणून टिकणारा जोर झुकावातून दिला जातो. ब्रेक लागताच मंच क्षणभर मागे सरकतो, त्याच वेळी हळूहळू पुढे झुकू लागतो, आणि चालकाच्या स्वतःच्या वजनाचा काही भाग त्याला पुढे ओढू लागतो. समोरच्या पडद्यावर रस्ता सपाट दिसत असल्याने ती ओढ त्याला ब्रेकचीच वाटते. हा आभास टिकण्यासाठी झुकण्याचा वेग मात्र कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाला कळणार नाही इतका मंद हवा. आखणीसाठी सेकंदाला ३ अंश ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरतात. आपल्या ब्रेकचा पूर्ण जोर द्यायचा तर सुमारे १८ अंश झुकावे लागेल. जोर निम्मा ठेवला तर सुमारे ९ अंश पुरतात आणि तिथवर पोहोचायला ३ सेकंद लागतात. निम्मा जोर ठेवण्यात फसवणूक नाही, उलट माझ्या मते लहान मंचासाठी तोच शहाणपणाचा मार्ग आहे, कारण पूर्ण जोराच्या हट्टापायी मंच टोकाला आपटला तर चालकाला जाणवतो तो धक्का, ब्रेक नव्हे. झुकाव टाळून खरोखर सरकायचेच असेल, तर यंत्र इमारतीएवढे करावे लागते. कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रात असा सिम्युलेटर आहे. तो उभ्या दिशेत सुमारे १८ मीटर आणि आडव्या दिशेत सुमारे १२ मीटर फिरतो.

दुसरे काम पायाच्या स्ट्रोकवरून, म्हणजे पाय मिटल्यापासून पूर्ण ताणेपर्यंत जेवढा लांबतो त्यावरून, उभी हालचाल काढण्याचे. पाय पूर्ण मिटलेला असताना त्याच्या दोन टोकांच्या सांध्यांतल्या पिनपासून पिनपर्यंत ६०० मिमी आहे आणि स्ट्रोक २०० मिमी आहे, असे धरू. पाय तिरका उभा असतो. त्याच्या वरच्या व खालच्या पिनमधले आडवे अंतर ३०० मिमी माना. शाळेतल्या पायथागोरसने मंचाची सर्वांत कमी उंची सुमारे ५२० मिमी आणि सर्वांत जास्त उंची सुमारे ७४२ मिमी येते, म्हणजे एकूण उभी हालचाल २२२ मिमी. पाय तिरका असल्यामुळे ती स्ट्रोकपेक्षा थोडी जास्त मिळते, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. पाय जितका आडवा, तितकी उभी हालचाल वाढते, पण त्याच प्रमाणात मंच उचलण्याची ताकद घटते, म्हणून या लाभाच्या मागे फार लागू नये.

आता एकत्रित हालचाल, जिथे खरी निराशा होते. मध्यस्थितीत पाय ७०० मिमी लांब असतो, म्हणजे वर आणि खाली १०० मिमी स्ट्रोक शिल्लक असतो. वरच्या प्लेटवरचा पुढचा सांधा केंद्रापासून ३०० मिमी पुढे आहे असे समजा. प्लेट १५ अंश झुकली की तो सांधा सुमारे ७८ मिमी वर किंवा खाली जातो आणि पायाच्या तिरकेपणाचा हिशेब धरून पायाची लांबी सुमारे ७० मिमीने बदलते. शंभरातले तीसच उरले. त्या तिसात प्लेट सरळ वर-खाली जेमतेम ३३ मिमी हलेल, आणि माहितीपत्रकात मात्र ११० लिहिलेले असते. मंच सर्वांत उंच स्थितीत असेल तर सहाही पाय पूर्ण ताणलेले असतात, तेव्हा तो एक अंशही झुकू शकत नाही. हा अंदाज एका पायापुरता आहे. नेमके उत्तर हवे असेल तर प्रत्येक स्थितीसाठी वरच्या सहा सांध्यांचे निर्देशांक काढावेत, खालच्या सांध्यांपासून त्यांची अंतरे मोजावीत आणि सहाही अंतरे ६०० ते ८०० मिमीच्या आत बसतात का ते पाहावे. संगणकाच्या तक्त्यात हे काम तासाभराचे आहे. दोन्ही टोकांना स्ट्रोकचा दहावा हिस्सा राखीव ठेवून हा हिशेब करावा, म्हणजे ६०० ते ८००ऐवजी ६२० ते ७८० धरावेत.

मंच कोणत्या बिंदूभोवती फिरणार, हा प्रश्न विद्यार्थी शेवटी विचारतात. तो सुरुवातीलाच विचारायला हवा. चालकाचे डोके प्लेटच्या १ मीटर वर असेल आणि प्लेट स्वतःच्या केंद्राभोवती १५ अंश झुकली, तर डोके सुमारे २५९ मिमी पुढे जाते. झुकाव डोक्याला जाणवू द्यायचा नसेल तर फिरण्याचा बिंदू डोक्याजवळ हवा, आणि त्यासाठी प्लेटला तेवढेच उलट दिशेने सरकावे लागते. अर्थातच हे सरकणेही त्याच स्ट्रोकमधून वजा होते. आसन शक्य तितके खाली बसवले की ही वजाबाकी लहान होते. मोठे पाय विकत घेण्यापेक्षा हा उपाय पुष्कळ स्वस्त आहे.

स्ट्रोक शिल्लक असूनही मंच अडतो, तेव्हा कारण बहुधा सांध्यात सापडते. साध्या रॉड एंडचा, म्हणजे पायाच्या टोकाला बसवलेल्या गोळ्याच्या सांध्याचा, गोळा थोडेच अंश वळतो आणि मग त्याची मान घराला टेकते. आमच्या पहिल्या मंचात नेमके हेच झाले: पायांचा हिशेब बरोबर होता, पण मंच एकाच वेळी झुकवून वळवताच एक रॉड एंड वाकला, आणि तो का वाकला हे समजायला आम्हाला दोन दिवस लागले. तेव्हापासून मी प्रत्येक स्थितीत पायांच्या लांबीबरोबर सांध्याचा कोनही तपासतो. शेजारचे दोन पाय एकमेकांना किंवा मोटरच्या घराला टेकत नाहीत ना, तेही पाहावे. उभ्या अक्षाभोवती फार वळवल्यावर काही रचनांमध्ये अशी स्थिती येते की पाय पक्के असूनही मंच सैल पडतो, म्हणून ते वळण हिशेबाने मिळते तेवढे सगळे वापरू नये.

अंतराइतकीच वेगाचीही मर्यादा असते. मोटरने फिरून पाय लांब-आखूड करणाऱ्या बॉलस्क्रूची एका फेऱ्यातली चाल १० मिमी आणि मोटरचे मिनिटाला ३००० फेरे असतील, तर पाय सेकंदाला ५०० मिमी धावतो. पूर्ण १०० मिमी आयामाने, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना तेवढे जात, तो सेकंदाला सुमारे ०.८ वेळाच डोलू शकतो. सेकंदाला २ वेळा डोलवायचा झाल्यास आयाम ४० मिमीवर उतरतो. जलद कंपनाला अंतर कमी लागते, ही येथे दिलासा देणारी बाब. साताऱ्याच्या माणसाला याचे जवळचे उदाहरण भूकंपाचे आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला झालेल्या भूकंपाची नोंद अभियंते आजही धरणांच्या अभ्यासात वापरतात. गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट जोर सेकंदाला ८ वेळा या गतीने द्यायचा असेल तर सुमारे २.३ मिमीचा आयाम पुरतो. तोच जोर दोन सेकंदांत एक आवर्तन या संथ गतीने द्यायचा तर सुमारे ६०० मिमी लागतात. जपानमधील मिकी येथील ई-डिफेन्स हे भूकंप-मेज, म्हणजे भूकंपासारखे हलवून बांधकामे तपासणारा मंच, आडव्या दिशेत अधिक-उणे १ मीटर आणि उभ्या दिशेत अधिक-उणे अर्धा मीटर हलते. एवढी जागा त्याला संथ आणि मोठ्या हेलकाव्यांसाठी लागते.

मंच उभा राहिल्यावर हिशेब मोजून पडताळावा. आसनावर माणूस बसवू नये. त्याच्या वजनाएवढी वाळूची पोती बांधावीत आणि इमर्जन्सी स्टॉपचे बटण दुसऱ्या माणसाच्या हाताशी ठेवावे. प्लेटच्या केंद्रातून ओळंबा सोडावा, खाली जाड कागद चिकटवावा आणि मंच अगदी हळू हलवत प्रत्येक टोकाला पेन्सिलने खूण करावी. उंची पट्टीने आणि झुकाव डिजिटल कोनमापकाने घ्यावा. मंच झुकवल्यावर ओळंबा सरकतो, त्यामुळे कागदावरची खूण फक्त सपाट स्थितीत ग्राह्य धरावी. आधी एकेक अक्ष, मग दोन-दोन अक्षांच्या जोड्या आणि शेवटी आपल्या वापरात खरोखर येणारे मिश्रण, उदाहरणार्थ ब्रेक लावत घेतलेले वळण, या क्रमाने जावे. मोजमाप हिशेबापेक्षा ५ मिमीहून जास्त चुकले तर पुढे जाऊ नये. बहुतेक वेळा एखाद्या सांध्याची जागा वेल्डिंगमध्ये हललेली असते. मिळालेले आकडे मंच हलवणाऱ्या संगणक प्रणालीतील मर्यादांमध्ये भरावेत आणि लिमिट स्विच, म्हणजे पाय टेकताच मोटर बंद करणारे स्विच, त्यांच्या थोडे पलीकडे बसवावेत, म्हणजे रोजच्या वापरात मंचाला प्रणालीच थांबवेल आणि स्विचची वेळ फक्त प्रणाली चुकल्यावर येईल. वीज अचानक गेल्यावर भरलेला मंच कुठे आणि किती वेगाने बसतो, तेही पोती ठेवूनच एकदा पाहून घ्यावे. त्यानंतरच पहिला चालक आसनावर बसवावा.