‘कार्ड गेलंय’ म्हणण्याआधी

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतून फोन येतो तो निदानासकटच. “साहेब, मशीनचं कार्ड गेलंय.” कार्ड म्हणजे मशीन चालवणारा सर्किट बोर्ड. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून या कामात आलो तेव्हा मला ते खरंच वाटायचं. कार्ड काढून वर्कशॉपला आणायचं, टेबलावर सप्लाय द्यायचा आणि बघावं तर ते ठणठणीत. तिकडे मशीन बंद आणि चादरींचे ढीग छताला लागलेले. असं तीन-चारदा झाल्यावर सीनियरने विचारलं, “पेशंटला न तपासता डोकंच का उचलून आणतोस?”

वॉशर-एक्स्ट्रॅक्टरचं, म्हणजे कपडे धुऊन पिळणाऱ्या मोठ्या मशीनचं, कार्ड ऐकतं आणि हुकूम देतं, एवढंच. दार लॉक झालं का, पाणी कितपत चढलं, तापमान किती, ड्रम हेलकावतोय का, हे ऐकतं. पाण्याचे व्हॉल्व्ह, ड्रेन, हीटर किंवा स्टीम आणि मोटरचा वेग सांभाळणारा इन्व्हर्टर यांना हुकूम देतं. ऐकायला चुकीचं आलं की हुकूमही चुकतो, आणि शिव्या कार्डाला बसतात. पाण्याच्या पातळीचंच घ्या. ड्रमच्या तळातून एक बारीक नळी प्रेशर सेन्सरकडे जाते. पाणी चढलं की तिच्यातली हवा दाबली जाते आणि त्यावरून पातळी कळते. या नळीत कापसाचे तंतू आणि साबणाचा चिखल साचला की कार्डाला वाटतं, पाणी आहेच. स्क्रीनवर लेव्हल एरर येतो. नळी काढून फुंकर मारली की दहा मिनिटांत काम होतं. बिल लावायलाही संकोच वाटतो.

मी सगळ्यात जास्त फसलो ते मीटरमुळे. व्हॉल्व्हचा कनेक्टर काढून कार्डाच्या आउटपुटवर मीटर लावला. हुकूम नसताना शंभरएक व्होल्ट दिसले. म्हटलं, ट्रायक, म्हणजे व्हॉल्व्ह चालू-बंद करणारा कार्डावरचा इलेक्ट्रॉनिक स्विच, लीक आहे, कार्ड बाद. चूक. ट्रायकला समांतर स्नबर जोडलेला असतो, म्हणजे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. त्यातून किंचित करंट झिरपतो आणि लोड नसताना डिजिटल मीटरला तो व्होल्टेज म्हणून दिसतो. तिथे जुना 230 व्होल्टचा बल्ब जोडा. भुताचं व्होल्टेज असेल तर ते लगेच कोसळतं आणि खरं असेल तर बल्ब पेटतो. तेव्हापासून माझ्या बॅगेत होल्डरसकट एक बल्ब असतोच.

कार्ड खरोखर जळतंही. एका हॉटेलच्या मशीनवर मी जळालेली ट्रायक बदलली, मशीन चालू करून दिलं आणि चहा पिऊन निघालो. चौथ्या दिवशी पुन्हा फोन. तीच ट्रायक, तोच काळा डाग. तेव्हा कुठे व्हॉल्व्हची कॉइल मोजायची बुद्धी झाली. शेजारच्या तशाच व्हॉल्व्हची कॉइल चार किलोओहमच्या आसपास होती आणि याची जेमतेम दोनशे ओहम. आतले वेढे शॉर्ट झालेले. पाऊण-एक अँपिअरची ती बिचारी ट्रायक किती दिवस तग धरणार? आता जळालेला पार्ट दिसला की हात आधी त्याच्या वायरीच्या दुसऱ्या टोकाकडे जातो. शेजारी त्याच मॉडेलचं चालू मशीन असेल तर ते सर्किट डायग्रामपेक्षा कामाला येतं, कारण डायग्राम बऱ्याचदा पॅनलच्या दारावर ओलीने गळून गेलेला असतो.

लॉन्ड्रीतली हवा कार्डाला मानवत नाही. वाफ, ब्लीचचा वास, तंतू. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, रिलेच्या पायांशी ड्राय सोल्डर होतो, म्हणजे टाका आतून सुटतो. मशीन पिळताना थरथरलं की बंद पडतं आणि तुम्ही पोचलात की शहाण्यासारखं चालतं. अशा वेळी भिंगातून रिले आणि कनेक्टरचे टाके बघा. टाक्याभोवती बारीक काळं वर्तुळ दिसलं तर जुनं सोल्डर ओढून काढून नवं भरा. नुसता इस्त्रीसारखा सोल्डरिंग गन फिरवू नका.

इन्व्हर्टरला मात्र घाईने हात नाही. 415 व्होल्टच्या थ्री-फेज सप्लायवर त्याच्या डीसी बसवर, म्हणजे आतल्या डीसी लाइनवर, साधारण 585 व्होल्ट असतात आणि मेन स्विच पाडल्यावरही ते कपॅसिटरमध्ये राहतात. स्विचला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, इन्व्हर्टरवर लिहिलेला वेळ थांबा आणि मग बस मोजूनच हात घाला. दार उघडं असताना मशीन चालू न देणारं इंटरलॉक बायपास करून “तेवढं चालवून द्या” म्हणणारा मॅनेजर भेटेलच. त्याला नाही म्हणायचं. फिरत्या ड्रममध्ये गेलेला हात परत येत नाही.

आणि नवं कार्ड बसवायचीच वेळ आली, तर जुन्याची स्क्रीन चालू असेतो सगळ्या पॅरामीटरचे, म्हणजे सेटिंगच्या आकड्यांचे, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नव्या कार्डाला आपण कुठल्या मशीनमध्ये आलोय हे ठाऊक नसतं. मी एकदा फोटो काढायला विसरलो होतो आणि रात्री अकरापर्यंत एकेक आकडा अंदाजाने भरत बसलो होतो.