काल्पनिक प्राण्याच्या रक्ताचा रंग कसा ठरवावा

ड्रॅगनचं रक्त काळं, परीचं चंदेरी, परग्रहावरून आलेल्याचं हिरवं. बहुतेक वेळा रंग आधी ठरतो आणि कारण मागाहून चिकटवलं जातं, म्हणूनच वाचकाला ते खोटं वाटतं. खऱ्या प्राण्यांत रक्ताला रंग येतो तो मुख्यतः ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या रंगद्रव्यामुळे. म्हणून आधी प्राणी श्वास कसा घेतो, किती मोठा आहे, किती पळतो किंवा उडतो, थंडीत राहतो की उष्णतेत, हे लिहून काढा. रंग सगळ्यात शेवटी ठरवा.

रक्ताला ऑक्सिजन वाहायचा आहे का?

कीटकांच्या रक्ताला हे काम जवळपास नसतंच. त्यांच्या अंगावरच्या छिद्रांतून हवा आत जाते आणि बारीक नळ्यांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोचते. त्यामुळे त्यांचं रक्त फिकट पिवळं, हिरवट किंवा पाण्यासारखं असतं. सुरवंटाचा हिरवेपणा बऱ्याचदा निळ्या आणि पिवळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणातून येतो. माशी चिरडल्यावर दिसणारा लाल डाग तिच्या डोळ्यांच्या रंगाचा असतो, आणि डास चिरडल्यावर दिसणारा आपल्याच रक्ताचा.

पण नळ्यांची ही सोय लहान शरीरापुरतीच पुरते, कारण लांब नळीतून हवा आत झिरपायला फार वेळ लागतो. तुमचा कीटक घोड्याएवढा असेल तर त्याला फुप्फुसं द्या आणि ऑक्सिजन वाहणारं रक्तही द्या. एकदा ते दिलं की पिवळ्या रक्ताचं कारण उरत नाही.

ऑक्सिजनचा हिशेब

माणसाच्या १ लिटर रक्तात साधारण १५० ग्रॅम हिमोग्लोबिन असतं आणि ते सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. रंगद्रव्य काढून नुसता द्रव ठेवला तर हाच आकडा ३ मिलिलिटरच्या आसपास येतो. तांब्यावर चालणाऱ्या हिमोसायनिनच्या रक्ताची मजल साधारण १० ते ४० मिलिलिटरपर्यंत जाते. रंग निवडताना हे तीन आकडे समोर ठेवा. उडणारा, उष्ण रक्ताचा, २ टनांचा प्राणी ३० मिलिलिटरवर चालणार नाही. त्याला निळं रक्त द्यायचंच असेल तर हृदयाचा आकार, ठोके किंवा हृदयांची संख्या वाढवावी लागेल. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात: दोन कल्ल्यांतून रक्त ढकलतात आणि तिसरं उरलेल्या शरीरात. इतकं असूनही तो लवकर दमतो.

हिमोसायनिनचं प्रमाण वाढवून प्रश्न सोडवावा असं पटकन सुचतं. अडचण अशी की हे रंगद्रव्य पेशींत भरलेलं नसून सरळ द्रवात विरघळलेलं असतं. प्रमाण वाढलं की रक्त घट्ट होतं आणि हृदयावर भार येतो. आपल्याकडे हिमोग्लोबिन लाल पेशींत कोंबलेलं असतं, म्हणून एवढं मावतं. तुमच्या प्राण्याला हिमोसायनिन भरलेल्या पेशी द्या. खऱ्या प्राण्यांत असं आढळत नाही, पण कल्पना म्हणून ती पटण्यासारखी आहे आणि निळ्या रक्ताच्या चपळ प्राण्याला तीच वाचवू शकते.

निळं रक्त: सगळ्यात जास्त चुका इथे

पहिली चूक म्हणजे तांबं म्हटलं की हिरवा रंग देणं. जुन्या तांब्यावर चढणारा हिरवा थर वेगळ्या रसायनांचा असतो. हिमोसायनिनमध्ये तांब्याचे दोन अणू मिळून ऑक्सिजनचा एक रेणू धरतात आणि तेव्हा रंग निळा होतो. ऑक्टोपस, माकूळ, बऱ्याच गोगलगायी, खेकडे, शेवंड, विंचू, कोळी आणि हॉर्सशू क्रॅब (घोड्याच्या नालेसारख्या कवचाचा समुद्री जीव) यांच्यात हे रंगद्रव्य असतं.

दुसरी चूक जास्त रंजक आहे. ऑक्सिजन सुटला की हिमोसायनिन जवळपास बिनरंगी होतं. म्हणजे शरीराला ऑक्सिजन देऊन परतणारं रक्त निळं नसतं. जखमेतून ते पाणचट, किंचित दुधाळ दिसत बाहेर येईल आणि हवा लागल्यावर हळूहळू निळं होत जाईल. कथेत हा क्षण वाया घालवू नका. चित्रकारांनी मात्र शाईचा गडद निळा वापरू नये. हॉर्सशू क्रॅबचं रक्त फिकट, दुधाळ आकाशी दिसतं.

याच हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशी जिवाणूंच्या विषाचा मागमूस लागताच द्रवाची जेली करून टाकतात. इंजेक्शनं आणि सलाइनमध्ये असं विष नाही ना हे तपासायला त्यावर आधारित चाचणी अनेक दशकं वापरात आहे. जखमेवर खपलीऐवजी निळसर जेली धरणारा प्राणी हवा असेल तर पाया तयार आहे.

महाकाय कोळी लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोळ्याच्या पायातल्या काही मुख्य सांध्यांना पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. पाय ताणला जातो तो आतल्या रक्ताच्या दाबाने. मेलेला कोळी पाय आखडून पडतो ते यामुळेच. म्हणून तलवारीचा घाव बसून रक्त वाहू लागलं की तुमच्या कोळ्याचे पाय एकेक करून आत वळले पाहिजेत. रक्तस्रावाने दमण्याआधी तो उभाच राहू शकणार नाही.

हिरवं, जांभळं आणि बिनरंगी

हिरव्या रक्ताचे दोन मार्ग आहेत. न्यू गिनीतल्या काही सापसुरळ्यांच्या रक्तात बिलिव्हर्डिन हे हिरवं पित्तद्रव्य इतकं साचतं की रक्त, स्नायू, हाडं, जीभ सगळं हिरवं दिसतं. माणसाला ते प्रमाण झेपणार नाही. त्यांच्या लाल पेशींत हिमोग्लोबिन असतंच, हिरव्या रंगाने ते झाकलं जातं इतकंच. मोठ्या, चपळ प्राण्याला हिरवं रक्त द्यायला हाच सर्वांत सोपा मार्ग, कारण ऑक्सिजनचा हिशेब बिघडत नाही. फक्त हाडंही हिरवी दाखवायला विसरू नका. दुसरा मार्ग समुद्रातल्या काही नळीवासी कृमींचा. त्यांचं क्लोरोक्रुओरिन हे रंगद्रव्य पातळ थरात हिरवं आणि दाट असताना लाल दिसतं. म्हणजे डबक्यात लाल, शिंतोड्यात हिरवं. चित्रपटासाठी किंवा गेमसाठी यापेक्षा चांगली युक्ती शोधून सापडणार नाही.

जांभळ्यासाठी हिमेरिथ्रिन हे रंगद्रव्य. त्यात लोह असतं पण हीम (हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा रंगीत भाग) नसतं. ऑक्सिजन धरला की जांभळट गुलाबी, सोडला की बिनरंगी. शेंगदाणा-कृमी या समुद्री कृमींत आणि शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या काही ब्रॅकिओपॉड प्राण्यांत ते आढळतं, आणि हे सगळे संथ जीव आहेत. त्याचा एक फायदा मात्र कथेला उपयोगी आहे: कार्बन मोनॉक्साइड त्याला चिकटत नाही. हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट धरतो. धुराने भरलेल्या बोगद्यात माणसं कोसळत असताना तुमचा जांभळ्या रक्ताचा प्राणी उभा राहू शकतो.

बिनरंगी रक्त अंटार्क्टिक समुद्रातल्या आइसफिशचं. हिमोग्लोबिन नाही, कल्लेही पांढरट. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो (गोड्या पाण्यात ०° सेल्सिअसला लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम, ३०° ला जेमतेम निम्मा), म्हणून हे जमतं. सोबत मोठं हृदय, जास्त रक्त, रुंद केशवाहिन्या आणि संथ हालचाल हवी. वाळवंटातल्या चपळ परीला असं रक्त देऊ नका.

लाल ठेवायचं असेल तर

लालमध्येही वाव भरपूर आहे. धमनीतलं भडक, शिरेतलं गडद मरून. शिरा कातडीतून निळ्या दिसतात तो प्रकाशाचा खेळ आहे, आत निळं रक्त नसतं. लोहाचं ऑक्सिडीकरण झालं की रक्त चॉकलेटी होतं, म्हणूनच वाळलेला डाग तपकिरी दिसतो. ‘काळं रक्त’ हवं असेल तर ऑक्सिजन संपलेलं दाट रक्त किंवा हे चॉकलेटी रक्त दाखवा, डांबर नको. कार्बन मोनॉक्साइडने ते चेरीसारखं लाल होतं. आग ओकणाऱ्या ड्रॅगनच्या फुप्फुसांजवळ धूर असतोच, तेव्हा तो याच वायूने गुदमरू नये यासाठी हवेची आणि ज्वालेची वाट वेगळी ठेवा. ‘उकळतं रक्त’ही टाळा. ५०–६०° च्या पुढे बहुतेक प्रथिनं उलगडू लागतात. पक्ष्यांसारखं ४१–४२° ठेवलं तरी पुरेसं उष्ण वाटतं.

रंग ठरला की अख्खं शरीर तपासा

हे काम बहुतेक जण सोडून देतात. रक्त निळं आणि हिरड्या गुलाबी, असं चित्र सर्रास दिसतं. हिरड्या, जीभ, पापणीची आतली बाजू, नखांखालची कातडी आणि लाजल्यावर बदलणारे गाल हे सगळं रक्ताच्या रंगाने रंगतं. रंगहीन कातडीचे आणि डोळ्यांचे प्राणी आपल्याकडे गुलाबी डोळ्यांचे दिसतात. निळ्या रक्ताच्या जातीत ते फिकट निळे दिसतील.

मग मुका मार. आपला काळानिळा डाग काही दिवसांत हिरवट, नंतर पिवळट होतो, कारण हीमपासून आधी बिलिव्हर्डिन आणि मग बिलिरुबिन तयार होतं. पित्ताचा रंग, मलाचा तपकिरी रंग आणि लघवीचा पिवळा रंगही त्याच साखळीतून येतात. हिमोसायनिनमध्ये हीमच नसतं. बाहेर झिरपलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपला की डागच नाहीसा होईल आणि फक्त सूज उरेल. माणूस गुदमरला की ओठ निळे पडतात, तर हा प्राणी गुदमरला की ओठांचा निळेपणा उडून जाईल. वैद्याचं पात्र लिहिताना या उलट्या खुणा फार कामाला येतात.

पाण्याखालचे प्रसंग असतील तर आणखी एक बाब: लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, त्यामुळे खोल पाण्यात लाल रक्त काळपट किंवा हिरवट दिसतं.

रक्त किती आणि दाब किती

सस्तन प्राण्यांत रक्त वजनाच्या ७–८ टक्के असतं. ७० किलोच्या माणसात सुमारे ५ लिटर, २,००० किलोच्या ड्रॅगनमध्ये १४० लिटर. ४० टक्के रक्त गेलं की उपचारांशिवाय जगणं कठीण, म्हणजे ड्रॅगनसाठी ५६ लिटर. एका बाणाने तेवढं सांडत नाही. खेकड्यासारख्या खुल्या रक्ताभिसरणात द्रवाचं प्रमाण वजनाच्या पाव भागापर्यंत जाऊ शकतं, पण दाब फार कमी असतो. म्हणून तिथे रक्ताची चिळकांडी न उडवता ओघळ दाखवा.

लांब मानेसाठी साधा हिशेब: उभ्या मानेच्या प्रत्येक मीटरला सुमारे ७७ मिलिमीटर पाऱ्याइतका जादा दाब लागतो. ३ मीटर मान म्हणजे डोक्यापर्यंत नुसतं पोचायला २३० च्या पुढे. अशी मान कापली गेली तर चिळकांडी खरोखरच छताला लागेल.

तेजस्वी, विषारी आणि रक्तबीजाचं

प्रकाशणाऱ्या रक्तात बहुतेक वेळा प्रकाशाची रासायनिक क्रिया ऑक्सिजन खाते, म्हणजे रक्त स्वतःचाच माल जाळत असतं. म्हणून ते सतत न प्रकाशता जखम झाल्यावर, हवा लागली की उजळू द्या.

आम्लासारखं रक्त टाळावं. आपल्या रक्ताचा पीएच ७.४ असतो आणि ६.८ च्या खाली जीव वाचणं अवघड. त्याऐवजी विषारी रक्त द्या: लेडीबर्ड ढालकिडा धोका दिसताच पायांच्या सांध्यांतून पिवळं, कडू रक्त स्वतःहून गाळतो.

रक्तबीजासारखा राक्षस, ज्याच्या प्रत्येक थेंबातून नवा उभा राहतो, तो लाल रक्ताचाच ठेवा. सस्तन प्राण्यांचं रक्त मात्र देऊ नका. त्यांच्या प्रौढ लाल पेशींत केंद्रकच नसतं, तेव्हा नवा राक्षस घडवायची माहिती फक्त पांढऱ्या पेशींकडे उरते. पक्षी, सरपटणारे प्राणी आणि मासे यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं, आणि थेंबात त्या कोट्यवधी असतात.