इंजिन काम निघालेली जुनी मोटारसायकल: घ्यायची की सोडायची

"इंजिन काम निघालंय, म्हणून एवढ्यात देतो" असं ऐकलं की गिऱ्हाईक इंजिनापाशीच घुटमळतं. वास्तविक त्या गाडीत इंजिन हीच एक गोष्ट हिशोबात धरता येते. अगदी फुल इंजिन, म्हणजे खालच्या डब्यासकट (क्रँककेस) सगळं, उघडलं तरी खर्च कुठंतरी थांबतो. अडकलेले कागद आणि वाकलेली चेसिस यांचा खर्च कुठं थांबेल ते सांगता येत नाही. म्हणून आधी कागद, मग चेसिस, आणि किक सगळ्यात शेवटी.

आरसी हातात घ्या आणि नंबर एमपरिवाहन ॲपवर टाकून बघा. मालकाच्या नावाची काही अक्षरं, एचपी (गाडीवरचा कर्जाचा बोजा), विमा, नोंदणीची मुदत एवढं तिथंच कळतं. ई-चलन वेगळं तपासा. एचपी चढलेली असेल तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म 35 हातात येईपर्यंत पैशाची गोष्ट काढू नका. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. हिरो आणि होंडा 2011 मध्ये वेगळे झाले, त्यामुळं टाकीवर 'हिरो होंडा' दिसलं की ही मुदत संपलेली तरी असते नाहीतर जवळ आलेली. नूतनीकरणाला गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणजे मुदत संपलेली आणि बंद पडलेली गाडी घेतली, तर इंजिनाचे पैसे आधी घालायचे आणि ती नावावर कधी होईल ते नंतर बघायचं. अशा गाडीचं नूतनीकरण मालकानं करून द्यावं, नाहीतर किंमत भंगाराच्या जवळची लावावी. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) पाटी बसलीय का तेही बघा; ती नसेल तर आरटीओची कामं अडतात.

देगलूर, बिलोलीकडं तेलंगणा पासिंगच्या आणि उदगीर, निलंग्याकडं कर्नाटक पासिंगच्या गाड्या स्वस्तात दाखवतात. तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की ती स्वस्ताई बऱ्याचदा उरत नाही.

चेसिस नंबर बहुतेक कम्यूटर गाड्यांत हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर ठोकलेला असतो. हँडल पूर्ण वळवा, पेट्रोलच्या फडक्यानं चिखल आणि ग्रीस पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा. अक्षरं एका ओळीत, सारख्या खोलीची उमटली पाहिजेत. एखादा आकडा तिरका, आजूबाजूला घासल्याच्या रेघा किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग असेल तर गाडी तिथंच सोडा. इंजिन नंबरही आरसीशी जुळवा. "इंजिन बदललंय, चालतं" हे आरटीओत चालत नाही.

मानेजवळ वेल्डिंग असेल तर पुढचं काहीही बघू नका. नसेल तर गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा. खटखट लागली तर स्विंग आर्मचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग गेलंय. आपल्याकडं गाडीवर दुधाचे कॅन, खताच्या गोण्या, टंचाईत पाण्याचे ड्रम असं सगळं वाहिलेलं असतं, म्हणून इथं हे हमखास सापडतं. हा खर्च किरकोळ. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यावर अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) बदलावा लागेल, तोही किरकोळ. मागं दहा फुटांवर उभं राहून पुढचं चाक मागच्याच्या रेषेत दिसत नसेल, तर टी (फोर्क धरणारा भाग) किंवा फोर्क वाकलाय. तो बदलता येतो. फ्रेमच वाकली असेल तर नाद सोडा.

आता इंजिन. सकाळी जा आणि आधी सायलेन्सरला हात लावा. कोमट लागला तर मालकानं गाडी तापवून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी न सांगता या. तापलेलं इंजिन पटकन चालू होतं आणि थंड इंजिनाचे आवाज लपवतं.

चावी बंद, गाडी न्यूट्रल. किक हातानं सावकाश दाबत न्या. एका जागी ती घट्ट होते. तिथं पायाचं वजन ठेवा. चांगल्या इंजिनात किक क्षणभर पाय तोलून धरते, मग हळूहळू उतरते. लोण्यात सुरी गेल्यासारखी खाली गेली तर कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) नाही. मग प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर, म्हणजे 5 मिली, इंजिन ऑइल सोडा, दोन-चार किका मारून प्लग परत बसवा आणि पुन्हा दाबून बघा. आता किक घट्ट लागली तर पिस्टनची रिंग आणि बोअर (सिलिंडरचं भोक) झिजलंय. फरक पडला नाही तर वॉल्व्ह बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेलंय. किक मुळीच हलत नसेल तर पिस्टन जाम आहे. त्या गाडीचा हिशोब फुल इंजिनाचाच करा.

प्लग हातात आहे तोवर त्याचं टोक बघा. शेंगदाण्याच्या टरफलासारखं कोरडं तपकिरी असेल तर ठीक. ओलं, तेलकट काळं म्हणजे ऑइल जळतंय. कोरडी काजळी असेल तर कार्बोरेटर नाहीतर एअर फिल्टर, आणि मातीच्या रस्त्यानं फिरलेल्या गाडीत बहुधा फिल्टरच.

गाडी चालू झाली की बरोबरच्या माणसाला सायलेन्सरमागं उभं करा. सुरुवातीलाच निळा धूर येऊन थांबला तर वॉल्व्ह सील. रेस दिली की प्रत्येक वेळी निळा, तर रिंग-पिस्टन. क्रँककेसचा ब्रीदर (हवा बाहेर सोडणारा) पाइप काढून तोंडाशी तळहात धरा. जोराचे तेलकट फुत्कार लागले तर रिंगांचं निदान पक्कं. मग लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावा. हेडवर बारीक टकटक म्हणजे टॅपेट, त्याची सेटिंग होते. बाजूला साखळी खळखळली तर टायमिंग चेन. खालून, रेस वाढवली की जाड ठकठक आली तर कनेक्टिंग रॉड. दुसरा गिअर ओढताना सटकत असेल तर गिअरबॉक्स. या शेवटच्या दोन्हींत क्रँककेस उघडते.

हेड आणि ब्लॉक एवढंच उतरलं तर हाफ इंजिन: पिस्टन, रिंग, बोअर, वॉल्व्ह ग्राइंडिंग, सील, टायमिंग चेन, गॅस्केट. ब्लॉकला आधी किती बोअर झालाय, म्हणजे भोक कापून किती मोठं केलंय, हे मात्र विचाराच. स्प्लेंडरचा मूळ बोअर 50 मिमी, पिस्टन 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिमी असे वाढीव मिळतात. 1.00 चा आधीच बसलेला असेल तर पुढं नवा ब्लॉक किंवा स्लीव्ह लागते. लेथवर ब्लॉक देताना नवा पिस्टन सोबत द्या, बोअर त्या पिस्टनच्या मापानं होतो.

2025 च्या सप्टेंबरात पूर आला तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आता धुऊन-पुसून बाजारात आहेत. डिपस्टिकवर ऑइल चहासारखं दुधाळ, फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात काळी माती, मीटरच्या काचेत धुकं, ब्रेक ड्रममध्ये वाळलेला गाळ; यातली दोन जरी सापडली तरी वायरिंग, मॅग्नेट आणि बेअरिंगांचा खर्च धरा.

मॉडेलही बघा. स्प्लेंडर, प्लॅटिना, शाईनचे पार्ट तालुक्याला मिळतात. डिस्कव्हरसारखं बंद झालेलं मॉडेल निम्म्यात मिळालं, तरी एका पार्टसाठी गाडी महिनाभर गॅरेजात पडू शकते. यामाहाची जुनी आरएक्स 100 हा हौसेचा मामला, त्याला हा हिशोब लागू नाही. एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक बीएस 6 गाड्या इंजेक्शनवाल्या आहेत; चावी लावून इंजिन चालू झाल्यावरही इंजिनाचा दिवा विझत नसेल तर स्कॅनरवाला मिस्त्री जवळ आहे का ते आधी शोधा.

आता आकडा. समजा तेच मॉडेल, तेच साल, चालू आणि कागद पूर्ण असलेली गाडी तुमच्या भागात 30,000 ला जाते. मिस्त्रीनं पार्टच्या दुकानात भाव विचारून मजुरीसकट 9,000 सांगितले. त्यावर एक तृतीयांश वाढवा, कारण इंजिन उघडल्याशिवाय खरं कळत नाही: 12,000. कागदांचे 2,500. उरले 15,500. ही शेवटची किंमत, बोलणी 12,000 पासून सुरू करा. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचे पैसे हातात येतात तेव्हा मालक उतरत नाहीत. उन्हाळ्यात बोलणी सोपी जाते.

इसार हजाराच्या वर देऊ नका. उरलेली रक्कम देताना फॉर्म 29 आणि 30 वर आरसीवर नाव असलेल्या माणसाचीच सही समोर घ्या; कोऱ्या टीटी फॉर्मवर (नाव बदलण्याचे हेच फॉर्म) तिसऱ्याच माणसाकडून गाडी घेऊ नका. सौदा पावतीवर तारखेसोबत ताबा दिल्याची वेळही लिहा, कारण त्याच दिवशी सकाळी पडलेलं चलन कुणाचं, हे त्यावरून ठरतं.