गुरूचा फोटो घरच्या टेलिस्कोपमधून: क्लिक नको, व्हिडिओ घ्या

गुरूचे पट्टे दिसतील असा फोटो हवा असेल तर एकेक क्लिक मारत बसू नका, व्हिडिओ घ्या. वरची हवा सारखी हलत असते त्यामुळे गुरू थरथरताना दिसतो, पण हजारो फ्रेम घेतल्या की त्यातल्या काही बरोबर शांत क्षणी सापडतात, तेवढ्याच निवडून एकावर एक रचायच्या, याला स्टॅकिंग म्हणतात आणि मोबाईल आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावून घेतलेल्या व्हिडिओवरही ते चालतं.

कॅमेऱ्याआधी जागा बघा प्लीज. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता सोडत राहतो, त्यातून कितीही भारी टेलिस्कोप असला तरी चित्र पुसटच येणार, म्हणून मातीचं अंगण असेल तर उत्तम, नाहीतर मध्यरात्रीनंतर बसा. टेलिस्कोप तासभर आधी बाहेर ठेवा, आरसा गार व्हायला वेळ लागतो. ग्रह उंच आला की मगच शूट करा. 10 जानेवारी 2026 च्या प्रतियुतीला (पृथ्वी सूर्य आणि गुरूच्या मधे येते तेव्हा) गुरू मिथुनेत होता, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्री जवळपास डोक्यावर, अशी संधी सोडायची नसते.

न्यूटोनियन (आरशांचा टेलिस्कोप) असेल तर कोलिमेशन, म्हणजे आरसे नीट जुळलेत का, ते दरवेळी तपासा. बार्लोचं (प्रतिमा मोठी करणाऱ्या जोडभिंगाचं) गणित सोपंय, कॅमेऱ्याचा पिक्सेल जितक्या मायक्रॉनचा त्याच्या साधारण पाचपट एफ रेशो (फोकल लांबी भागिले टेलिस्कोपचा व्यास), म्हणजे 2.9 मायक्रॉनला एफ/14 च्या आसपास. फोकस गुरूवर नीट कळत नाही, त्याच्या एखाद्या चंद्रावर करा, ठिपका सगळ्यात बारीक झाला की थांबा.

शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर या व्हिडिओ घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम ग्रहापुरती छोटी करा म्हणजे स्पीड वाढतो, एक्सपोजर 10 मिलिसेकंदच्या आसपास, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) 70 टक्क्यांच्या वर नको. गुरू 10 तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे 8 इंची टेलिस्कोपने एक व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचाच ठेवा, जास्त लांबवला तर डिटेल्स फराटतात. ट्रॅकिंग (ग्रहामागे आपोआप फिरणं) नसलेला डॉब (साध्या स्टँडवरचा न्यूटोनियन) असेल तरी चालतं, ग्रह फ्रेममधून सरकू द्या, परत आणा, परत सरकू द्या, सॉफ्टवेअर जुळवून घेतं.

मग ऑटोस्टॅकर्ट या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या 10-20 टक्के फ्रेम ठेवा आणि रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरच्या वेव्हलेट्स (बारकावे उठवणाऱ्या) स्लायडरने धार आणा, पण हळू हळू, ग्रहाच्या कडेला आतून खोटी रेघ उमटली की स्लायडर मागे घ्या.